भुसावळचे डोळे-कान

भुसावळ पाहायला म्हणून भुसावळला कोणी जात नाही. काशीला जाणारे भुसावळवरून जातात, दिल्लीला जाणारे जातात, नागपूर-कलकत्त्याला जाणारेही जातात. पण ते सारे बहुधा रात्री, चादर डोक्यावरून घेऊन जातात आणि 'भुसावळ आलं वाटतं' एवढे पुटपुटून कूस बदलतात. आपल्याकडच्या कुठल्याही घरी भुसावळची माहिती विचारून पाहा. गाडी तिथे बराच वेळ थांबते, केळी चांगली मिळतात आणि उन्हाळ्यात खिडकीचा गज हाताला चटका देतो, या तीन गोष्टींपलीकडे कोणाची मजल जायची नाही. मुंबईहून रुळांनी सुमारे ४४५ किलोमीटर आलेला माणूस इथे पाणी पितो, पाय मोकळे करतो आणि पुढे जातो.

माझे आजोळच भुसावळचे, म्हणून माझी ओळख थोडी जास्त. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत धावलेली गाडी पुढच्या दशकात घाट चढून खानदेशात उतरली आणि १८७० साली भुसावळवरूनच मुंबई जबलपूरला व तिथून पुढे कलकत्त्याला जोडली गेली. भुसावळहून एक वाट तापी ओलांडून खंडव्याकडे जाते, दुसरी मलकापूर-अकोल्यावरून नागपूरकडे. या बेचक्यात रेल्वेने आपले बिऱ्हाड मांडले आणि त्या बिऱ्हाडाभोवती गाव वाढले. पुण्यातल्या पेठांना वारांची नावे आहेत. भुसावळातल्या वस्त्यांची नावे पाहा: आगवाली चाळ, हद्दीवाली चाळ, पंधरा बंगला, लिंपस क्लब. एंजिनाच्या भट्टीत कोळसा लोटणाऱ्या फायरमनला इकडे आगवाला म्हणत. कोळसा गेला, १९६० च्या दशकाच्या अखेरीस विजेची एंजिने आली, आगवाले इतिहासजमा झाले. पण पत्ता सांगताना लोक अजून आगवाल्यांचेच नाव घेतात. गावात विजेच्या एंजिनांची शेड आहे, ती एंजिने उघडून पुन्हा जोडणारा कारखाना आहे, आणि देशातल्या कितीतरी स्टेशन मास्तरांनी ज्या संस्थेत झेंडी-कंदिलाची बाराखडी गिरवली ती रेल्वेची प्रशिक्षण संस्थाही इथेच आहे.

गेल्या हिवाळ्यात मी तिकडे गेलो तो मात्र आजोळच्या ओढीने नव्हे. त्याला कारण आमचे चिरंजीव.

चिरंजीव पुण्याच्या एका कंपनीत मोटारगाड्यांना डोळे बसवण्याचे काम करतात. पुढेमागे रस्त्यावर चालकाविना बस धावायची आहे. तिला समोरचे दिसावे म्हणून कॅमेरा, धुक्या-धुळीतून कळावे म्हणून रडार, आणि लेसरच्या किरणांनी अंतर मोजणारे लायडार नावाचे एक फिरते डोके, असा सगळा जामानिमा. या साऱ्याला मिळून ते सेन्सर म्हणतात. शासकीय मराठीत त्याला 'संवेदक' असा शब्द आहे. पण तो उच्चारला की एखाद्या कवीची आठवण होते, म्हणून मी आपला सेन्सरच म्हणतो. तर चिरंजीवांची अडचण अशी की त्यांची चाचणीची बस भारी भित्री निघाली. मोकळ्या मैदानात वाऱ्यावर उडणारी प्लॅस्टिकची पिशवी समोर आली तरी ती करकचून ब्रेक लावते. आत माणसे असती तर एकमेकांच्या अंगावर पडली असती. तिला थोडे धीट करावे, तर एखाद्या दिवशी पिशवी समजून ती भलत्याच कोणावर जायची. किती संशय आला म्हणजे थांबायचे, या एका प्रश्नावर त्यांच्या कचेरीत महिनोन् महिने खल चालला होता.

फोनवर ही हकिकत मी मामांना सांगितली. मामा ऐंशी ओलांडलेले; उभा जन्म रेल्वेच्या डब्यांखाली वाकून गेलेला. ते म्हणाले, "पोराला वेळ नसंल तर तू ये. आमच्या फलाटावर दोन दिवस बस. संशय कशाला म्हणतात ते दाखवतो."

मामांनी पहिल्या दिवशी सकाळीच मला स्टेशनवर नेले. निवृत्त होऊन वीस-बावीस वर्षे झाली तरी फलाटाचे तिकीट स्वतः रांगेत उभे राहून काढतात. फलाटाच्या टोकाला गेलो आणि त्यांनी बोट दाखवले. रुळांच्या दोन्ही अंगांना एकेक माणूस उकिडवा बसलेला होता. मी जन्मभर अशी माणसे पाहिली असतील आणि ती बिडी ओढायला बसली आहेत असेच समजलो असेन. "पाह्य आता, गाडी येऊ राह्यली," मामा म्हणाले. गाडी धडधडत फलाटात शिरली. आपण सगळे अशा वेळी डब्यांचे क्रमांक पाहतो. त्या दोघांची नजर चाकांवर होती. कुठे साखळी लोंबते आहे का, कुठे स्प्रिंग तुटली आहे का, चाकाला ब्रेक चिकटून ठिणग्या उडताहेत का, कुठून जळका वास येतो का, हे सारे गाडी समोरून सरकत असतानाच टिपायचे. गाडी थांबली, तोवर त्यांची निम्मी तपासणी झालीही होती.

मामांच्या उमेदीत या तपासणीची दोन हत्यारे होती, लांब दांड्याचा हातोडा आणि पालथा हात. बाजारात माठ घेताना बाई बोटाने टिचकी मारून पाहते ना, तसा हा हातोडा. चाक धड असले की खणखणीत बोलते, तडा असला की बद्द वाजते. रात्री दोन वाजता वरच्या फळीवर झोपलेल्या प्रवाशाला खालून टणत्कार ऐकू यायचे ते हेच. आणि पालथा हात आसाच्या पेटीसाठी. आसाचे टोक जिथे फिरते तिथले तेल आटले की पेटी तापते, तापत तापत लाल होते आणि शेवटी आस मोडून गाडी घसरते. आई पोराच्या कपाळाला पालथा हात लावून ताप पाहते तसा हे लोक पेटीला हात लावीत. मामांच्या डाव्या हाताच्या बोटांवर अजून एक पांढरा डाग आहे. "ती पेटी जरा जास्तच तापलेली होती," एवढेच ते त्याविषयी सांगतात.

आज आसांची सोनोग्राफी होते, रुळांचीही होते. नवी बेअरिंगे सहसा तापत नाहीत, आणि तापलीच तर रुळाच्या कडेला बसवलेला अवरक्त किरणांचा डोळा धावत्या गाडीच्या पेटीपेटीचा ताप मोजू शकतो. बेअरिंगच्या आवाजातला खरखराट पकडणारे कानही आता देशात काही ठिकाणी रुळांशेजारी बसवले आहेत. म्हणजे मामांचा हात आणि मामांचे कान दोन्ही यंत्रांना मिळाले. मी विचारले, "वाईट नाही वाटत?"

"वाईट कशाला? मला सर्दी व्हायची. त्या यंत्राला होत नाही."

मग त्यांनी एक आठवण सांगितली. एका रात्री एका चाकाचा आवाज त्यांना पटला नाही. तडा दिसेना. आवाज बद्दही नव्हता, खणखणीतही नव्हता. त्यांनी गाडी अडवली. डबा कापून बाजूला काढला, गाडीला तास-दीड तास उशीर झाला, डब्यातल्या मंडळींनी शिव्यांची लाखोली वाहिली. नंतर तपासणीत चाकात काहीही निघाले नाही. मी म्हटले, "मग?" मामा म्हणाले, "मग काय? साहेबांनी वहीत उशिराची वेळ लिहिली आन् दुसऱ्या रात्री हातोडा पुन्हा माझ्याच हातात दिला."

दुपारी मामींनी बामणोदच्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. खानदेशातले भरीत खाऊन माणसाने शास्त्रीय विषयावर बोलू नये, झोपावे. पण मामांचा धाकटा मुलगा रात्रपाळीला निघायच्या आधी भेटला, म्हणून बसावे लागले. तो एंजिनचालक आहे. आता त्यांना लोको पायलट म्हणायचे. गार्डलाही २०२२ पासून ट्रेन मॅनेजर हे नवे नाव मिळाले आहे. नाव बदलून पगार बदलतो का, असे मामींनी विचारले होते म्हणे.

तो सांगत होता. एंजिनात दोघे असतात. प्रत्येक सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने रंग उच्चारायचा आणि हात करायचा, दुसऱ्याने त्याला प्रतिसाद द्यायचा. मोठ्या माणसांनी अंधारात एकमेकांना 'हिरवा', 'हिरवा' म्हणत जायचे हे ऐकून आपल्याला हसू येईल. पण डोळा पाहतो आणि मन मात्र पाहत नाही अशी पहाटे तीन-चारची एक वेळ असते, आणि तोंडाने उच्चारल्याखेरीज मनाला जाग येत नाही. शिवाय एंजिनात एक खबरदारीचे यंत्र आहे. सुमारे मिनिटभर चालकाने कशालाच हात लावला नाही तर ते दिवा लुकलुकवते. तरी हालचाल झाली नाही तर ओरडते. आणि तरीही उत्तर आले नाही तर आपणहून ब्रेक लावते. चालक जागा आहे की नाही हे त्याला कळत नाही. ते फक्त एवढेच जाणते की उत्तर आले नाही.

दिवाळी अंकाच्या वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट इथे सांगून टाकतो. रेल्वेतही फटाके असतात. दाट धुक्यात सिग्नल दिसत नाही, तेव्हा सिग्नलच्या २७० मीटर अलीकडे रुळावर दहा मीटरच्या अंतराने दोन चपटे फटाके बांधायचे, असा नियम. एंजिन त्यांच्यावरून गेले की धडाम् धडाम्! चालकाने समजायचे, सिग्नल आला. पुढे रूळ अडला असेल तर हेच फटाके अडथळ्यापासून ६०० मीटरवर एक आणि १,२०० मीटरवर तीन असे लावायचे. बाराशे मीटर! म्हणजे भर वेगातल्या गाडीला थांबायला केवढी जागा लागते ते पाहा. चालकाला समोर माणूस दिसतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून रेल्वेने डोळ्यांवर कधीच फार विश्वास ठेवला नाही. पुढे काय आहे हे डोळ्यांच्या आधी कळावे याची तिने दीडशे वर्षे खटपट केली.

त्या खटपटीतली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे ट्रॅक सर्किट. विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने १८७२ साली तिचे पेटंट घेतले. दोन रुळांतून अगदी मंद वीज सोडायची. ती पलीकडच्या टोकाला एका चुंबकापर्यंत जाते, आणि चुंबक तिच्या जोरावर एक पट्टी वर उचलून धरतो. पट्टी वर असेल तर सिग्नल हिरवा. आता त्या तुकड्यावर गाडी आली की वीज चाकांतून आणि आसातून मधल्या मधेच परत फिरते, चुंबक दुबळा होतो, पट्टी आपल्या वजनाने खाली पडते आणि सिग्नल तांबडा होतो. इथवर हुशारी झाली. शहाणपण पुढे आहे. रूळ तुटला? पट्टी पडते. बॅटरी संपली? पट्टी पडते. तार उंदराने कुरतडली? तरी पट्टीच पडते. म्हणजे गाडी आहे म्हणूनही तांबडा आणि मला काही कळत नाही म्हणूनही तांबडा. हिरवा दाखवण्यासाठी यंत्राला मेहनत करावी लागते. तांबडा दाखवण्यासाठी काहीच करावे लागत नाही. बाकी कोणी संपावर गेले तरी गुरुत्वाकर्षण जात नाही.

आता पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी आस मोजणारी यंत्रे आली आहेत. तुकड्यात शिरताना इतके आस गेले, बाहेर पडताना तितकेच आले, तर वाट मोकळी. एक जरी कमी भरला तरी तुकडा अडलेला. लग्नाच्या वऱ्हाडातली बाई गाडीतून उतरताना पोरे मोजते तसा हिशेब. तत्त्व मात्र जुनेच.

हे ऐकताना मला परदेशातली एक दुर्घटना आठवत होती. चिरंजीवांनीच ती मला सांगितली होती. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेत अॅरिझोना राज्यातल्या टेंपी शहरात उबर कंपनीच्या स्वयंचलित मोटारीची रस्त्यावर चाचणी चालू होती. एक बाई सायकल हाताने ढकलीत रस्ता ओलांडत होती. मोटारीच्या सेन्सरांना ती धडकेच्या पाच-सहा सेकंद आधीच दिसली होती. पण यंत्राला ती काय आहे हे ठरवता येईना. आधी वाटले वाहन, मग वाटले दुसरेच काही, मग सायकल. आणि दर वेळी मत बदलले की ती कुठे चालली आहे याचा हिशेब पहिल्यापासून. गाडी उगाच गचके खात थांबू नये म्हणून आपणहून जोराचा ब्रेक लावण्याची सोय यंत्र चालवीत असताना बंद ठेवलेली होती. देखरेखीला बसलेल्या चालकाचे लक्ष रस्त्यावर नव्हते. बाई गेली. मामांच्या पट्टीला काही कळले नाही की ती पडते. या मोटारीला काही कळले नाही, तरी ती चालत राहिली.

मामांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आवाज पटला नव्हता, तरी गाडी सोडली."

आपल्या रेल्वेने या बाबतीत हल्ली जे केले आहे त्याचे नाव 'कवच'. लखनौच्या रेल्वे संशोधन संस्थेने ते घडवले. रुळांच्या मधोमध स्लीपरवर छोट्या चकत्या बसवतात. एंजिनाखालचा वाचक त्या वाचीत जातो, त्यावरून एंजिनाला आपण नेमके कुठे आहोत हे कळते. स्टेशनातले यंत्र रेडिओवरून पुढचा सिग्नल कोणत्या रंगाचा आहे ते कळवते. तांबडा असूनही चालक थांबत नाही असे दिसले की कवच ब्रेक लावते. फाटकाजवळ शिटीही आपणहून वाजवते. प्रवासी गाड्यांवर त्याची चाचणी २०१६ साली दक्षिण मध्य रेल्वेवर सुरू झाली. ४ मार्च २०२२ रोजी सिकंदराबादकडच्या गुल्लागुडा आणि चिटगिड्डा या स्थानकांमध्ये जी चाचणी झाली ती मला मोठी नाट्यमय वाटते. अपघात हाच प्रयोग! एकाच रुळावर दोन एंजिने मुद्दाम आणली. एकात रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव बसलेले, दुसऱ्यात रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष. कवचाने एंजिन पुढच्या एंजिनापासून सुमारे ३८० मीटर अलीकडे आणून उभे केले. औषध आधी वैद्याने घ्यावे ही जुनी रीत, ती इथे पाळलेली पाहून बरे वाटले.

दिल्ली मेट्रोची एक मार्गिका तर २८ डिसेंबर २०२० पासून चालकाविना धावते आहे. जपानमध्ये कोबे शहरात अशी गाडी १९८१ सालीच सुरू झाली. मग रस्त्यावरच्या बसचे घोडे कुठे पेंड खाते? हा प्रश्न मी त्या रात्री चिरंजीवांना फोनवर विचारला आणि पट्टीची गोष्टही ऐकवली. ते म्हणाले, "बाबा, तीच तर अडचण आहे. गाडी रुळावर थांबली की तिच्या मागचा सिग्नल तांबडा होतो, तिला कोणी धडकत नाही. माझी बस महामार्गावर मध्येच थांबली तर मागून ट्रक येऊन आदळेल. रेल्वेला थांबणं म्हणजे सुटका. मला नाही."

मी हे मामेभावाला सांगितले. वाटले, तो अभिमानाने मान डोलावील. तो म्हणाला, "दादा, आमचंही तितकं सोपं नाही. परधाडे आठवतं ना?"

आठवत होते. २२ जानेवारी २०२५. जळगाव जिल्ह्यात, पाचोऱ्याजवळ, माहेजी आणि परधाडे या स्थानकांच्या दरम्यान. लखनौहून मुंबईला निघालेली पुष्पक एक्सप्रेस भुसावळ, जळगाव मागे टाकून चालली होती. संध्याकाळी पाचच्या सुमारास डब्यात आग लागल्याची हूल उठली. कोणी तरी साखळी ओढली. गाडी थांबली. भ्यालेली माणसे दोन्ही बाजूंनी खाली उड्या मारू लागली, आणि शेजारच्या रुळावरून बंगळूरहून दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्सप्रेस आली. तिथे वळण होते. पुष्पकच्या एंजिनाचा लुकलुकता इशारा पाहून समोरच्या चालकाने ब्रेक लावले, असे रेल्वेने नंतर सांगितले; पण वळणावर जेवढे दिसते तेवढ्यात गाडी थांबत नाही. किमान बारा माणसे गेली. आग लागलेलीच नव्हती.

त्या सकाळी माझा मामेभाऊ त्याच रुळावरून मालगाडी घेऊन आला होता. संध्याकाळी बातमी आली तेव्हा मामी देवापुढे बसून राहिल्या आणि तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला तरी उठल्या नाहीत, असे मामा सांगत होते. तो म्हणाला, "सगळे सिग्नल बरोबर होते, दादा. पट्ट्या सगळ्या जागच्या जागी होत्या. शेजारच्या रुळावर माणसं उतरली आहेत हे कुठल्याच रुळाला कळत नाही. माणसाच्या पायाने सर्किट पुरं होत नाही."

कवचात संकटाचे एक बटण आहे. चालकाने ते दाबले की आसपासच्या गाड्यांना थांबण्याचा संदेश जातो. त्या वेळी या मार्गावर कवच नव्हते. असते तर बटण दाबायला किती सेकंद मिळाले असते, हा हिशेब मामेभावाने माझ्यासमोर बोटांवर मांडायला घेतला आणि अर्ध्यावर सोडून दिला. मला वाटते त्याने तो याआधीही पुष्कळदा मांडला असावा.

यंत्रांची भलामण करताना आणखी एक नाव घ्यायलाच हवे. २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार स्थानकाजवळ तीन गाड्यांचा अपघात होऊन २९० हून अधिक माणसे गेली. सिग्नलने सरळ वाटेचा हिरवा दाखवला आणि सांधा मात्र बाजूच्या रुळाकडे वळलेला होता. तपासात निघाले की सिग्नलच्या तारांच्या कामात चुका झाल्या होत्या. पट्टी प्रामाणिक असून भागत नाही. तिच्याशी तार जोडणारा हातही तितकाच कसोशीचा लागतो. त्या हाताला तपासणारा हातोडा कोणता, हे विचारल्यावर मामा म्हणाले, "दुसरा माणूस. पहिल्याचा मित्र नसलेला."

दुसऱ्या दिवशी मला सावद्याला एका स्नेह्यांकडे जायचे होते. रेल्वेचा पुरेसा विचार झाला होता, म्हणून मुद्दाम एसटीने निघालो आणि चालकाच्या मागचीच जागा धरली. चिरंजीवांच्या बसला जे जे दिसायला हवे ते ते या माणसाला कसे दिसते, हे एकदा मोजायचे होते. तापी ओलांडली आणि दोन्ही अंगांना केळीच्या बागा सुरू झाल्या. वही काढली होती. पाच मिनिटांत मिटून ठेवली. उसाची मोळी बाजूला निघालेला ट्रॅक्टर. म्हशी, त्यांतल्या एका म्हशीसाठी चालकाने वेग कमी केला, बाकीच्यांसाठी नाही. का, ते त्याला ठाऊक. केळीचे घड भरलेला ट्रक, त्याच्या मागे लोंबणारी पाने. उलट्या बाजूने येणारी रिक्षा. हैदराबादच्या संशोधकांनी २०१८ साली भारतीय रस्त्यांची दहा हजार चित्रे यंत्रांना शिकवण्यासाठी तयार केली तेव्हा रिक्षा आणि जनावरे यांची वेगळी खाती त्यांत उघडली. युरोपच्या रस्त्यांवरून बेतलेल्या चित्रसंग्रहात रिक्षाच नव्हती. तिथे शिकलेल्या यंत्राने आमची रिक्षा पाहून काय समजावे? तीन चाकांची मोटार, की छप्पर घातलेली मोटारसायकल? आणि तिच्या बाहेर लोंबणारे दोन पाय कोणाच्या खात्यात मांडावे?

धूळ होतीच. लायडारला धूळ खपत नाही, कॅमेऱ्याला समोरचे ऊन खपत नाही. रडार या दोन्हींतून पाहते, पण पाहिले ते म्हैस की मोरी हे त्याला धड सांगता येत नाही. म्हणून तिघांचे एकमत घ्यावे लागते, आणि तिघांचे पटले नाही तर कोणाचे ऐकायचे यावर पुन्हा खल.

फैजपूरच्या अलीकडे एक वळण आले. आतल्या अंगाला केळीची बाग थेट रस्त्याला भिडलेली, पाने डांबरावर आलेली. रस्ता मोकळा होता. समोर चिटपाखरू नव्हते. चालकाने बराच आधी पाय काढला, गियर टाकला आणि बस चालत्या माणसाच्या वेगाने वळणात घातली. मागच्या ट्रकलाही हळू व्हावे लागले. तो भोंगा वाजवू लागला. मी पुढे वाकून विचारले, "इथं शाळा आहे का?"

"नाही."

"मग काही दिसलं?"

"दिसत नाही ना काही," तो म्हणाला, "म्हणून तर."

वळण संपले. पलीकडे कोणीही नव्हते. मागच्या ट्रकवाल्याने शेजारून पुढे जाताना हात बाहेर काढून काहीतरी म्हटले, ते भोंग्यात ऐकू आले नाही. चालकाने गियर बदलला आणि कंडक्टरने फैजपूर उतरणाऱ्यांना पुढे यायला सांगितले.